भिंतीवरची किडनी

आमच्या बैठकीच्या खोलीत टीव्हीच्या वर माझ्या किडनीचा फोटो लावला आहे. आधी तिथे आमच्या लग्नाचा फोटो होता, तो बायकोने काढून कपाटावर ठेवला. घरी आलेला माणूस विचारतो, हे काय, समुद्रातलं शेवाळ का? मग बायको सांगते, "हे आमचे हे." फोटो देखणा आहे, त्यात वाद नाही. काळ्याभोर पडद्यावर हिरवी-जांभळी बोटं, दोन हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तशी गुंतलेली, रांगेत, कुठे फट नाही. माझा इतका चांगला फोटो आजवर कुणी काढला नव्हता. अडचण एवढीच की तो माझा नाही.

मी गाडी चालवायला शिकवतो. माझ्या गाडीत माझ्याही पायाशी एक ब्रेक आहे, आणि उभं आयुष्य माझा पाय त्या ब्रेकवर आणि तोंड शिकणाऱ्याच्या कानाशी गेलं. मास्तर फार ओरडतात अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. अर्धं शहर माझ्याकडे शिकलं, पण घरातल्या दोघी काही शिकल्या नाहीत. बायको म्हणाली, "घरात ऐकते तेवढं पुरे, गाडीत बसून आणखी ऐकायची हौस नाही." बहीण एकदा बसली होती. समोरच्या काचेवर एक किडा चिकटला होता, तो बघता बघता तिने गाडी फुटपाथवर चढवली. हिला काचेवरचा किडा दिसतो, काचेपलीकडचा ट्रक दिसत नाही. तेव्हाच मी हात टेकले.

ही माझी बहीण, घरात सगळे तिला चिमी म्हणतात. माझ्याहून बरीच लहान. लग्न केलं नाही. विषय काढला की म्हणायची, यंत्र एकदा जुळू दे, मग बघू. आईवडील गेल्यावर ती आमच्याच वरच्या खोलीत राहायला आली, आणि यंत्र काही जुळत नव्हतं.

चिमी किडनीच्या संशोधनासाठी सूक्ष्मदर्शक बनवते. वापरते नव्हे, बनवते. हा फरक ती भेटेल त्याला समजावून सांगते. मला समजलं ते असं. किडनीत लाखो बारक्या गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीला बाहेरून पेशींनी मिठी मारलेली असते आणि त्या पेशींना बोटं असतात. बोटं एकमेकांत नीट गुंतलेली असली की रक्तातलं प्रोटीन रक्तात राहतं. बोटं पसरून सपाट झाली की गाळणी गळायला लागते. ही बोटं इतकी बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसतच नाहीत. त्यासाठी इलेक्ट्रॉनवर चालणारं कपाटाएवढं यंत्र लागतं, आणि तेही एक पातळ चकती तेवढी दाखवतं. चिमीला ती बोटं उजेडात, अख्खी, सगळ्या बाजूंनी बघायची होती.

त्यासाठीची युक्ती ऐकून मी पोट धरून हसलो होतो. किडनीचा कण एका जेलीत घालायचा आणि जेलीला पाणी पाजून फुगवायचं. बाळाच्या डायपरमध्ये असते त्याच जातीची जेली. ती फुगली की आतला कणही चहूबाजूंनी ताणून मोठा होतो.

"भिंग आणखी मोठं होत नाही ना, मग वस्तूच मोठी करायची," चिमी म्हणाली.

"म्हणजे एवढं शिकून शेवटी डायपरच," मी म्हटलं.

दुखणं एकच राहिलं होतं. बोटं दिसावीत म्हणून त्यांना चमकणारा रंग लावतात आणि तो रंग लेसरखाली विझतो. जितकं बघाल तितकं विझतं. म्हणून उजेड अगदी मंद ठेवायचा, आणि मंद उजेडातला फोटो दाणेदार येतो, केबल तुटलेल्या टीव्हीसारखा. त्यावर चिमीने एक प्रोग्राम तयार केला. त्याला दाणेदार आणि स्वच्छ फोटोंच्या जोड्या दाखवत राहिली, की बाबा, असं आलं की त्याचं असं कर. प्रोग्राम शिकला. दाणेदार फोटो आत टाकला की स्वच्छ बाहेर यायला लागला. त्या दिवशी ती जेवताना म्हणाली, "दादा, माझा विद्यार्थी तुझ्या विद्यार्थ्यांपेक्षा हुशार निघाला. आणि ओरडावंही लागलं नाही." तिला इतकं खुशीत मी लहानपणानंतर पाहिलं नव्हतं.

मग माझे पाय सुजायला लागले. आधी वाटलं दिवसभर बसून होत असेल. मग बूट चढेनात. बोटाने दाबलं की पायात खळगा पडायचा आणि तो भरून यायला वेळ लागायचा. लघवीला फेस यायला लागला. चिमीनेच मला ओढत किडनीच्या डॉक्टरांकडे नेलं. हे डॉक्टर तिच्या संशोधनातही होते, ओळखीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी पाठीतून सुई घालून किडनीचा तुकडा काढला. त्या सुईने माझं इतकं रक्त गेलं की बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. पुन्हा सुई नाही, असं तिने तिथेच जाहीर करून टाकलं.

आणि तुकडा अपुरा निघाला. इलेक्ट्रॉनच्या यंत्राकडे जो भाग गेला त्यात एकही गाळणी आली नव्हती. उरलेला भाग साध्या सूक्ष्मदर्शकासाठी मेणात बसवला होता, तो त्या यंत्राला नीट चालत नाही.

डॉक्टरांनी मला आणि बायकोला समोर बसवून सांगितलं. "दोन शक्यता आहेत. रक्तदाबामुळे गाळण्यांवर ताण आला असेल तर बोटं बरीचशी शाबूत असतात. मग पथ्य, साध्या गोळ्या, आणि बघत राहायचं. पण गाळणीचा मूळ आजार असेल तर बोटं सपाट झालेली असतात. मग जड औषध आत्ताच सुरू करायला हवं. उशीर केला तर किडन्या हातच्या जातात. यातलं कुठलं, ते बोटं बघितल्याशिवाय सांगता येत नाही. परत सुई घालू द्या."

"जड औषधाने काय होतं?" बायकोने विचारलं.

"चेहरा सुजतो, साखर वाढते, हात थरथरतात, नजर अंधुक होऊ शकते."

हात थरथरणारा, नजर अंधुक झालेला माणूस गाडी काय शिकवणार? मी उठून उभा राहिलो. म्हटलं, "माझी बहीण बोटंच बघते. उरलेला तुकडा तिला द्या."

डॉक्टर म्हणाले, "तिचं यंत्र अजून अभ्यासापुरतं आहे. त्यावरून उपचार ठरवत नाहीत."

मी म्हटलं, "तुकडा माझा आहे." सही केली आणि आलो.

चिमीचा फोन आला तेव्हा मी शिकवणीवर होतो. गाडी एक शिक्षिका चालवत होत्या, वळणाला नेहमी डोळे मिटायच्या. फोन वाजला आणि मी न सांगता ब्रेक दाबला. शिक्षिका म्हणाल्या, माझं काय चुकलं? मी म्हटलं, काही नाही, गप्प बसा. पलीकडून चिमी रडत होती की हसत होती ते कळत नव्हतं. "दादा, बोटं आहेत. सगळी आहेत. मी तुझी बोटं बघितली." माझा जीव भांड्यात पडला. त्या दिवशी मी शिक्षिकांना एकदाही ओरडलो नाही.

डॉक्टरांनी फोटो बराच वेळ निरखून बघितला. तेही माणूसच. पुन्हा एकदा म्हणाले की सुई घालून खात्री करू, पण आवाजात पूर्वीचा जोर नव्हता. मी नको म्हटलं. साध्या गोळ्या लिहून दिल्या, मीठ बंद केलं, आणि आम्ही थांबून बघायचं ठरवलं. चिमीने तो फोटो मोठा करून छापून आणला. बायकोने त्याला काचेची चौकट केली आणि टीव्हीच्या वर टांगला.

नंतरचे काही महिने मी अळणी जेवलो आणि सुखात होतो. विद्यार्थ्यांना सांगायचो, माझ्या बहिणीने मला आतून बघितलंय, तुम्ही मला बाहेरून काय बघता, समोर बघा. सूज मात्र चढत होती. चपला घालून गाडीत बसायला लागलो. दर वेळी रक्ताचा रिपोर्ट आधीच्यापेक्षा वाईट यायचा आणि मी तो घडी घालून खिशात टाकायचो, कारण फोटो चांगला होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, फोटो काहीही म्हणो, आता जड औषध सुरू करू. केलं. चेहरा सुजला, हात थरथरले, साखर वाढली. किडनीवर काडीचा परिणाम झाला नाही.

ह्याच सुमाराला चिमी बोलेनाशी झाली. जेवायला खाली यायची ती टीव्हीकडे पाठ करून बसायची. एका रविवारी दुपारी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन म्हणाली, "दादा, जरा प्रयोगशाळेत चल. तुला एक दाखवायचंय."

प्रयोगशाळा म्हणजे तळघरातली थंडगार खोली. जाड काळे पडदे. मधोमध एक लोखंडी टेबल, त्याचे पाय हवेच्या उशांवर, रस्त्यावरून गाडी गेली तरी हादरा बसू नये म्हणून. टेबलावर आरसे, भिंगं, नळ्या, स्क्रू, सगळं उघड्यावर. गॅरेजमध्ये इंजिन खोलून ठेवतात तसं. "टेबलाला टेकू नकोस," ती म्हणाली, आणि मी टेकलेलोच होतो.

तिने पडद्यावर एक फोटो उघडला. बोटं होती. हिरवी-जांभळी, गुंतलेली, सुरेख.

"छान आलाय," मी म्हटलं. "कुणाचा?"

"कुणाचाच नाही."

मला वाटलं, नाव सांगायला बंदी असेल. ती माझ्याकडे न बघता बोलत राहिली. "जेली बुळबुळीत असते, काचेवरून घसरते. मध्यंतरी मी चहा प्यायला वर गेले आणि ती घसरली. परत आले तोवर यंत्र नुसत्या जेलीचे फोटो काढत बसलं होतं. त्यात किडनीचा कणसुद्धा नव्हता. जेली आणि पाणी. आणि दिवसभरातला सगळ्यात चांगला फोटो तोच आला."

"मग ही बोटं कुठून आली?"

"प्रोग्रामने काढली."

तिने दुसरा फोटो उघडला. मुद्दाम रिकामी जेली ठेवून काढलेला. बोटं होती. तिसरा उघडला. म्हणाली, "हा लेसर बंद करून, झाकण घालून काढला. नुसत्या अंधाराचा." अंधारालाही बोटं होती, आणि ती अगदी निरोगी होती.

"त्याने निरोगीच बघितल्यात, दादा. आजारी माणसाचा तुकडा तांदळाच्या दाण्याएवढा असतो, रिपोर्टमध्येच जवळजवळ संपून जातो. शिकवायला पुरत नाही. निरोगी किडन्या मिळतात, अपघातात गेलेल्या माणसांच्या, कुणाला बसवता न आलेल्या. त्याच दाखवून मी त्याला शिकवलं. जिथे नीट दिसत नाही तिथे तो त्याला माहीत असलेलं भरतो. आणि त्याला दुसरं काही माहीतच नाही."

"तपासलं नव्हतंस?"

"तपासलं ना. किती वेळा तपासलं. निरोगी किडनी ठेवून. दर वेळी बरोबर यायचं." तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला. टेबल हललं नाही. "काहीच न ठेवता बघावं, हे आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नाही."

मी म्हटलं, "माझा दाखव. त्याने हात लावायच्या आधीचा."

तिने उघडला. राखाडी दाणे. वरपासून खालपर्यंत नुसते दाणे, मध्ये कुठेतरी थोडे दाट.

"यात मी कुठे आहे?"

तिने पडद्यावर बोट ठेवलं, मग थोडं सरकवलं. "इथे कुठेतरी."

"सपाट आहेत का?"

"बहुतेक. नक्की सांगता येत नाही, उजेड फार कमी ठेवला होता. आणि आता परत बघताही येणार नाही. रंग विझलाय."

परत येताना गाडी मी चालवत होतो. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? हात औषधाने थरथरत होतेच, मी स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. सिग्नलला थांबलो तेव्हा मी म्हटलं, "माझ्या विद्यार्थ्याने माणूस उडवला तर पोलीस मला धरतात." मला तिने काहीतरी बोलायला हवं होतं, भांडायला हवं होतं, तूच सुईला नाही म्हणालास असं तरी. ते खरंही होतं. घर येईपर्यंत ती खिडकीच्या काचेकडे बघत बसली.

तिने जे करायचं ते केलं. संशोधनाच्या प्रमुख बाईंना सांगितलं, या प्रोग्रामवर छापून आलेला निबंध मागे घ्यायला लावला. प्रमुख बाई म्हणाल्या म्हणे, एवढा गाजावाजा कशाला, प्रोग्राम परत शिकवला असता. पण कशावर शिकवणार? आजारी तुकडे तेव्हाही नव्हते आणि आताही नव्हते. अनुदान थांबलं. टेबलावर प्लास्टिकचं आच्छादन पडलं. तिच्या उमेदीची सगळी वर्षं त्या आच्छादनाखाली गेली आणि ती त्याबद्दल चकार शब्द काढायची नाही. ती फक्त माझ्या रिपोर्टबद्दल विचारायची. जेवणाचं ताट वर घेऊन जायची आणि बरंचसं तसंच खाली आणायची. बायको म्हणाली, "तो फोटो काढून टाकू का?" मी म्हटलं, काढ. ती स्टुलावर चढली, चौकटीला हात लावला आणि तशीच खाली उतरली. म्हणाली, "अहो, तिथे भिंतीवर डाग दिसेल." फोटो राहिला.

मग डायलिसिस सुरू झालं. दिवसाआड खुर्चीत पडून राहायचं, रक्त बाहेर जातं, धुऊन आत येतं, आणि घरी येताना अंगात पिळून वाळत घातलेल्या फडक्याएवढंही त्राण नसतं. जाताना मी गाडी नेऊ शकायचो, येताना नाही. शिकवण्या सुटल्या होत्याच. चिमी म्हणाली, "मला गाडी शिकव. मी नेत-आणत जाईन."

मी तिला शिकवली. एकदाही ओरडलो नाही. त्यामुळे ती पहिले काही दिवस जास्तच घाबरली. "ओरड ना," म्हणायची, "त्याशिवाय काय चुकतंय ते कळत नाही." मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली, नजर लांब ठेव. काचेकडे बघू नकोस, पुढच्या गाडीकडेही बघू नकोस, तिच्या पलीकडे बघ. ती शिकली. चांगली शिकली. माझ्या हाताखालून गेलेल्यांत इतकी सावध गाडी कुणी चालवत नसेल.

नवी किडनी हा एकच मार्ग उरला होता. बायकोला मधुमेह, ती बाद. अनोळखी माणसाच्या किडनीसाठी रांगेत नाव लावलं, पण रांग पुढे सरकताना दिसत नव्हती. चिमीने तर कुणी विचारायच्या आधीच डॉक्टरांना फोन केला होता. रक्तगट जुळला तेव्हा ती पायऱ्या उड्या मारत उतरली. कितीतरी दिवसांनी खाली बसून जेवली, टीव्हीकडे तोंड करून. म्हणाली, "दादा, तुझी एक किडनी देणं लागते, ती खरी देते. फोटो नाही." मला ते आवडलं नाही. तिची किडनी मला दंड म्हणून नको होती. पण जगायचं होतं, म्हणून मूग गिळून बसलो.

तपासण्या सुरू झाल्या आणि पहिल्याच टप्प्याला थांबल्या. तिच्या लघवीत प्रोटीन होतं. थोडंसं. डॉक्टरांनी परत तपासलं, मग आम्हा दोघांचं रक्त कुठेतरी लांबच्या प्रयोगशाळेत पाठवलं. उत्तर आलं तेव्हा त्यांनी दोघांना शेजारी शेजारी बसवलं.

"हा दोष घराण्यातून आला आहे," डॉक्टर म्हणाले. "आईवडिलांना स्वतःला काही त्रास नसतो. दोघांकडून एकेक खोट येते आणि मुलात दोन्ही जमल्या की आजार होतो. तुमच्या दोघांत जमल्या आहेत."

मी म्हटलं, "म्हणजे चिमीलाही?"

"हो. यांच्या किडन्या अजून बऱ्या चालताहेत. पण वाट तीच आहे." मग कदाचित धीर द्यायचा म्हणून पुढे म्हणाले, "या प्रकाराला जड औषध लागू पडत नाही. म्हणून तुम्हाला पडलं नाही. आधी सुरू केलं असतं तरी पडलं नसतं."

चिमी खुर्चीत पुढे सरकली. "म्हणजे तेव्हा मी बोटं सपाट आहेत म्हणून सांगितलं असतं तरी?"

"तरी हेच झालं असतं."

तिने डोळे मिटले आणि लांब श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. इतके महिने ते कानांपर्यंत चढलेले होते, हे मला ते खाली आल्यावर कळलं. तिच्या चेहऱ्यावर सुटका होती, दुसरं काही नव्हतं. त्याच कागदावर तिच्या किडन्यांचं काय होणार ते लिहिलं होतं, आणि ही बया सुटल्यासारखी बसली होती. मला तिला धरून गदागदा हलवावंसं वाटलं. काहीही होवो पण हिच्या डोक्यावरचं हे ओझं उतरू दे, असं मी डायलिसिसच्या खुर्चीत पडल्या पडल्या किती वेळा म्हटलं होतं. ते उतरलं ते असं उतरलं. मला तिचा राग आला, डॉक्टरांचा आला, वर गेलेल्या आईवडिलांचाही आला, आणि कुणावर ओरडावं ते कळेना.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"सांगता येत नाही. हळू जाईल असं धरून चालू." डॉक्टर चिमीकडे वळले. "एकदा सुई घालून बघावी लागेल."

"घाला," ती म्हणाली. "उरलेला तुकडा मला देऊ नका."

आम्ही निघालो. ती चालवत होती, मी शेजारी माझ्या नेहमीच्या जागेवर. सवयीने पाय ब्रेकवर ठेवला होता, पण सुजलेल्या पायाला ब्रेक नीट लागत नव्हता. तो दाबायची वेळही आली नाही. वळणं तिने सुरेख घेतली. बाजारापाशी एक म्हातारे गृहस्थ मध्येच रस्त्यात उतरले, त्यांच्यासाठी आधीच वेग कमी केला. मला बोलायचं होतं. तू त्या कागदावरचं नीट वाचलंस का, असं विचारायचं होतं.

मोठ्या चौकात सिग्नल लाल होता. तिने गाडी रेषेच्या आत अलगद उभी केली, गिअर काढला आणि म्हणाली, "दादा, वहिनीलाही गाडी शिकव."

"तिला कशाला? तू आहेस ना," मी म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर मला समजलं.

ती माझ्याकडे वळली नाही. काचेवर पाण्याचे डाग वाळले होते, त्यांच्याकडेही तिचं लक्ष नव्हतं. मी शिकवली होती तशी ती लांब बघत होती, पुढच्या गाडीच्याही पलीकडे. सिग्नल हिरवा झाला.

"बरं," मी म्हटलं. "उद्यापासून शिकवतो."

"उद्या तुझं डायलिसिस आहे," ती म्हणाली आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली. "परवापासून शिकव."